मिरजेच्या वॉर्डात रोज सकाळी येणारे पाळकसाहेब

कृष्णाकाठची

गेल्या महिन्यात मी मिरजेत एका मातीला गेले होते. जेमतेम चाळीस माणसं होती. पेपरात फोटो नाही, चौकात फलक नाही. गेले ते एक निवृत्त पाळक, वय 79. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं आणि घरच्यांनीही नको म्हटलंय. पण त्यांच्याविषयी लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून हा धागा.

आमचं गाव बेडगच्या पुढे. घरात पिढ्यान्पिढ्या पंढरीची वारी. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या गळ्यात तुळशीची माळ. 1996 च्या पावसाळ्यात त्यांच्या पोटात पाणी व्हायला लागलं आणि त्यांना मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात ठेवलं. जुन्या काविळीनं यकृत पार गेलं होतं. डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात आईला समोर बसवून सगळं नीट सांगितलं होतं. तिथे आम्ही सव्वीस दिवस राहिलो.

पहाटे साडेसहाला, डॉक्टरांच्या राउंडच्या आधी, एक किडकिडीत गृहस्थ वॉर्डात यायचे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, इस्त्रीचा पण कॉलर विरलेली. सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून उजव्या पायाची पँट मोज्यात खोचलेली. खांद्याला कापडी पिशवी. प्रत्येक खाटेशी थांबायचे. "रात्री झोप लागली का? लघवीला झाली का? तांब्यात पाणी हाय का?" पाणी नसलं की तांब्या उचलून स्वतः भरून आणायचे. पहिले दोन दिवस मला वाटलं, हे वॉर्डबॉय आहेत. तिसऱ्या दिवशी नर्सबाईंनी "सलाम, पाळकसाहेब" म्हटलं तेव्हा कळलं.

अथणी, जमखंडी, विजापूरकडचे पेशंट खूप असायचे. त्यांच्याबरोबर आलेल्या बायकांना मराठी येत नसे. पाळकसाहेबांना कानडी यायचं. पिशवीत पोस्टकार्डांचा गठ्ठा असायचा. खाटेच्या लोखंडी पट्टीवर कार्ड टेकवून ते पत्रं लिहीत, "म्हैस विकू नका, अजून आठ दिवस थांबा," असली. लिहून झालं की वाचून दाखवत आणि जाताना पेटीत टाकत.

अण्णांना सकाळी पोथी वाचायची सवय. हात थरथरायला लागल्यावर पोथी धरता येईना. मी धरायचे, पण त्या वेळी नेमकी खाली चहा आणायला गेलेली असायचे. एकदा वर आले तर काय बघते, पाळकसाहेब अण्णांच्या नाकावर चष्मा बसवून, पोथी दोन्ही हातांनी समोर धरून उभे. अण्णा ओठातल्या ओठात वाचतायत आणि हे पान उलटण्यासाठी त्यांच्या मानेच्या इशाऱ्याची वाट बघतायत. संपल्यावर त्यांनी विचारलं, "अण्णा, आता मी माझ्या पद्धतीनं तुमच्यासाठी मागितलं तर चालंल का?" अण्णा म्हणाले, "मागा की. देव काय दोन हाईत?" त्यांनी डोळे मिटले आणि अर्ध्या मिनिटात, अगदी हळू आवाजात, अण्णांच्या वेदना कमी व्हाव्यात एवढंच मागितलं. पुढे रोज असंच चाललं, आधी पोथी, मग ती अर्ध्या मिनिटाची प्रार्थना.

सव्विसाव्या रात्री तीनच्या सुमारास अण्णा गेले. भाऊ पुण्याला, पाऊस मुसळधार. कुणीतरी पाळकसाहेबांना कळवलं. ते भिजत आले, सायकलवरच मार्केटकडे गेले आणि भाजीचा एक टेम्पो घेऊन आले. मागे अण्णांच्या शेजारी आई आणि मी, पुढे ड्रायव्हरजवळ ते. गावात पोचेपर्यंत उजाडलं. अग्नी देईपर्यंत ते ओढ्याच्या अलीकडे बाभळीखाली उभे होते. मग एसटी धरून परत गेले. टेम्पोचं भाडं त्यांनी दिलं होतं, हे आम्हाला पुष्कळ दिवसांनी ड्रायव्हरकडून समजलं.

महिन्याभरानं एका सोमवारी दुपारी सायकल आमच्या दारात. अण्णांचा चष्मा खाटेच्या कप्प्यात राहिला होता, तो रुमालात गुंडाळून आणला होता. मिरजेहून आमच्या गावापर्यंत, उन्हात, एका चष्म्यासाठी. आईनं तो चष्मा आजही देव्हाऱ्यात ठेवलाय.

मग मधे तेवीस वर्षं गेली. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. सांगलीच्या गावभागातलं आमचं आताचं घर पहिल्या मजल्यापर्यंत बुडालं आणि आम्ही मिरजेला निवाऱ्यात आलो. तिसऱ्या दिवशी सकाळी संडासाकडे गेले तर एक म्हातारे गृहस्थ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, खराटा आणि फिनेल घेऊन संडास धूत होते. चारशे माणसांनी वापरलेले संडास. मी ओळखलं नाही, त्यांनीच ओळखलं. "तुम्ही अण्णांच्या थोरल्या नव्हं? आई कशा हाईत?" तेव्हा ते 74 वर्षांचे होते.

तुमच्यापैकी कुणाला असे पाळक, फादर, पाद्री, जे काय तुमच्याकडे म्हणत असतील ते, आठवत असतील तर जरूर लिहा.

सोनसळी

वाचताना डोळे भरून आले, ताई. आणखी लिहा.

जुना_मिरजकर

छान धागा. थोडी पार्श्वभूमी देतो, कारण बाहेरच्या वाचकांना मिरज आणि मिशन यांचं नातं माहीत नसतं.

1852 साली अमेरिकेतून रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले आणि या भागात अमेरिकन मिशनचं काम सुरू झालं. पुढे डॉ. विल्यम वानलेस, मूळचे कॅनडाचे, 1889 मध्ये भारतात आले. त्यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केलं. मिरज हे रेल्वेचं जंक्शन, त्यामुळे कर्नाटकापासून कोकणापर्यंतचा पेशंट इथे उतरायचा. 1928 साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. सांगली-मिरजेच्या मधलं वानलेसवाडी त्यांच्याच नावाचं. तिथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होतं. हे सगळं शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं, आणि ठाऊक असावंच.

पण माझ्या मनात एक गोष्ट कायम सलते. डॉक्टरांची नावं रस्त्यांना, वाड्यांना, इमारतींना लागली. त्याच वॉर्डातून रोज फिरणारे देशी पाळक, प्रचारक, बायबल बाया यांचं नाव कुठेच नाही. ऑपरेशन साहेब करायचे. त्याच्या आदल्या रात्री घाबरलेल्या कुणब्याजवळ बसायचा तो आपल्यातलाच, त्याचीच बोली बोलणारा माणूस. माझे आजोबा हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये कारकून होते. ते सांगायचे की भूल द्यायच्या खोलीपर्यंत हात धरून नेणारा पाळक असला की पेशंट निम्मा बरा व्हायचा. आजोबा ब्राह्मण, रोज संध्या करणारे. त्यांना हे सांगताना कधी संकोच वाटला नाही.

कृष्णाकाठची ताई, तुम्ही लिहिलंय तो मोज्यात खोचलेला पाय मीही पाहिलाय. बहुधा आपण एकाच माणसाबद्दल बोलतोय.

साधा_प्रश्न

आठवणींचा आदर ठेवून विचारतो. हॉस्पिटलात, मरणाच्या दारात असलेल्या माणसाजवळ जाऊन प्रार्थना करायची, यात धर्मप्रसाराचा हेतू नसतोच का? माणूस सगळ्यात दुबळा असतो तेव्हाच त्याच्याजवळ जाणं मला अवघड वाटतं. राग नाही, पण हा प्रश्न धाग्यात यायला हवा.

कृष्णाकाठची

साधा_प्रश्न, तुमचा प्रश्न योग्य आहे. आईनंही तो तेव्हा विचारला होता, आणि थेट त्यांनाच. "साहेब, आमच्या मालकांना तुमच्यात घ्यायचं हाय का?" ते खाली बसले, आईच्या बरोबरीनं फरशीवर, आणि म्हणाले, "माई, मी येशूचा माणूस हाय, त्ये लपवत न्हाई. कुणी विचारलं तर त्याच्याबद्दल सांगीन. पन ज्याला धड उठून बसता येत न्हाई त्याला इचारायची ही गोष्ट न्हवं." सव्वीस दिवसांत त्यांनी आम्हाला एक पत्रकसुद्धा दिलं नाही. अण्णा माळ घालूनच गेले.

सगळे असेच असतात असं मी म्हणणार नाही, मला माहीत नाही. यांच्यापुरतं मी शपथेवर सांगू शकते.

साधा_प्रश्न

उत्तर पोचलं. मनापासून आभार.

पाळकाची_लेक

हा धागा दोन दिवस वाचतेय आणि लिहू की नको असं होतंय. माझे पप्पा पाळक होते. सांगली, सातारा, कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत त्यांनी सदतीस वर्षं सेवा केली. आमच्यात 'नोकरी' म्हणत नाहीत, 'सेवा' म्हणतात.

दर तीन-चार वर्षांनी बदली. माझ्या सहा शाळा झाल्या. पाळकाचं घर मंडळीचं, म्हणजे चर्चच्या सभासदांचं असतं, आपलं नसतं. त्यामुळे अंगणात लावलेली पेरू-शेवग्याची झाडं नेहमी पुढच्या पाळकाच्या मुलांनी खाल्ली आणि आम्ही आधीच्यांनी लावलेली. पगार मंडळीच्या अर्पणातून. रविवारच्या पिशवीत जे येईल त्यातून आधी लाइटबिल, मग चर्चची डागडुजी, मग पाळक. दुष्काळाच्या वर्षी कवठेमहांकाळच्या बाजूला होतो तेव्हा पाच महिने पगार झाला नव्हता. पप्पांनी त्याचा शब्दही वेदीवरून काढला नाही. मंडळीतले लोक स्वतः रोजगार हमीवर खडी फोडत होते, त्यांच्यापुढे काय काढणार?

कापणीच्या सणाची मात्र मी वर्षभर वाट बघायची. शाळूची कणसं, हळकुंडं, भुईमुगाच्या शेंगा, गूळ, एखादी कोंबडी पाय बांधून, सगळं चर्चमध्ये पुढे आणून ठेवायचे. उपासना झाली की अंगणात लिलाव. एक भोपळा तीन-तीनदा विकला जायचा, कारण घेणारा परत अर्पण करायचा. त्या दिवशीचे पैसे चर्चच्या कौलांना जायचे. लिलाव संपून अंगण मोकळं झालं की कुणीतरी म्हातारी गुपचूप एक पायली शाळू आमच्या मागच्या दारात ठेवून जायची.

आता जे खरं लिहायचं होतं ते लिहिते. सगळे पाळकांबद्दल बोलतात, पाळकीणबाईबद्दल कुणी बोलत नाही. माझ्या आईला एक रुपया पगार नव्हता. संडे स्कूल ती घ्यायची, महिला मंडळ ती चालवायची, बाळंतिणीला डिंकाचे लाडू ती न्यायची, वस्तीतल्या बाईला नवऱ्यानं मारलं की ती बाई रात्री आमच्याच दाराशी यायची. आई त्या बाईला आपल्या अंथरुणात घ्यायची, मी आणि भाऊ खाली सरकायचो. प्रभुभोजनाचं (चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीचं) पांढरं कापड आई दर शनिवारी नीळ घालून धुवायची, विहिरीवर, आणि वाळेपर्यंत राखण बसायची म्हणजे बकरी तोंड लावणार नाही. पप्पा निवृत्त झाले तेव्हा शाल, नारळ, सत्कार. आईसाठी खुर्ची होती, पण भाषणात तिचं नाव घ्यायचं राहून गेलं. पप्पांनी माइक मागून घेतला आणि स्वतःची शाल काढून तिच्या खांद्यावर घातली. मंडळी उभी राहिली.

निवृत्तीनंतर राहायला घर नव्हतं. माझ्या भावाच्या दोन खोल्यांत दोघं राहिले. जातीचा दाखला असून उपयोग नाही, कारण 1950 च्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्या कुटुंबाला अनुसूचित जातीची सवलत नाही. नंतर शिखांना आणि बौद्धांना ती मिळाली, आम्हाला नाही. आजोबा ज्या वस्तीत जन्मले ती वस्ती आम्हाला तीच समजते, सरकार वेगळी समजतं. पप्पांना याचा राग नव्हता, मला आहे.

सोनसळी

लेकी, तुझ्या आईला माझा सलाम सांग. आहेत ना त्या?

पाळकाची_लेक

आहे. 81 वर्षांची. अजूनही शनिवारी ते कापड धुवायला मागते.

अजिंक्यतारा

साताऱ्याकडून थोडं.

आमच्याकडे अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं 1849 पासून. पण साताऱ्याच्या संदर्भात मला सगळ्यात जवळचे वाटतात ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेत आपण त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून वाचलं. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यानंतरची बरीच वर्षं नगरकडे गेली. 1917 मध्ये त्यांनी काय केलं ते फार थोड्यांना माहीत असतं. मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला येऊन राहिले. वय पंचावन्नच्या पुढे, प्रकृती खालावलेली. इथे त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या कुणालाही त्यात यायची मुभा होती. साहेबाच्या पैशावर चालणारा ख्रिस्ती धर्म इथल्या मातीत रुजणार नाही, असं त्यांना मनापासून वाटायचं. म्हणून आधी स्वतःच्या ताटातली भाकरी बाजूला केली. 9 मे 1919 ला मुंबईत ते गेले, म्हणजे साताऱ्याला दोन वर्षंही पुरी मिळाली नाहीत.

पाळकाच्या नम्रतेबद्दल बोलायचं तर मला हे फार मोठं वाटतं. पगार न मिळणं वेगळं आणि मिळत असलेला हातानं सोडणं वेगळं. पाळकाची_लेक यांचे वडील पाच महिने गप्प राहिले तेही याच्याच जातकुळीतलं.

टिळकांनी ओवी-अभंगात रचलेली भजनं आमच्या चर्चमध्ये टाळ-मृदंगावर अजून म्हणतात. माझी आजी चर्चला 'देऊळ' म्हणायची. तिला तो शब्द कुणी शिकवलेला नव्हता.

आणखी एक. पाचगणीच्या बेल एअर रुग्णालयात कॅथलिक फादर एचआयव्ही झालेल्यांची सेवा करतात. ज्या काळात घरचे लोक ताट-वाटी वेगळी करायचे, खाटेला हात लावायचे नाहीत, त्या काळापासून. माझ्या चुलतभावाला तिथे शेवटचे सात महिने माणसासारखं वागवलं गेलं. एवढंच लिहितो.

रानवारा_जत

आमच्या जत तालुक्यात चर्चची इमारत वगैरे काही नाही. पाळक महिन्यातून एकदा यायचे. आधी एसटीनं, नंतर त्यांनी लुना घेतली. एका दिवसात चार वस्त्या. प्रभुभोजनाची पेटी म्हणजे पावडरच्या डब्याएवढी, तिच्यात छोटे पेले, रुमाल आणि द्राक्षरसाची बाटली. ज्वारीच्या खळ्यावर पोतं अंथरून उपासना. उपदेश पंधरा मिनिटांचा, आणि त्यानंतर दोन तास लोकांची कामं. रेशनकार्ड, तलाठ्याकडचा अर्ज, पोरीला वसतिगृहात घालायचं पत्र, दोन भावांतलं बांधाचं भांडण. भांडण मिटवताना ते मधे बसत नसत. ज्याची चूक जास्त असेल त्याच्या शेजारी बसत. का ते मी एकदा विचारलं. म्हणाले, "त्याच्या बाजूला कोणच नसतं, म्हणून."

मातीची एक आठवण आहे. 2005 च्या पावसात माझी आत्या वारली, ती दिली होती कृष्णाकाठच्या गावात. तिथली जमीन काळी. खड्डा घ्यायला लागलं की खालून पाणी. दोन फुटांवर पाणी, चार फुटांवर गाळ. खणणारे दोघं थकून वर आले आणि म्हणाले, होणार नाही. पाळकांनी झगा काढून आत्याच्या दिराच्या हातात दिला, बनियनवर खड्ड्यात उतरले आणि बादलीनं पाणी उपसायला लागले. त्यांच्यामागोमाग आम्ही सगळे उतरलो. तळाला उसाचं पाचट आणि वर कोरडी माती टाकून मगच पेटी खाली सोडली. मग त्यांनी पाय धुतले, झगा घातला आणि विधी पुरा केला. आवाज जरासुद्धा चिडलेला नव्हता. गावातले इतर समाजाचे लोक बांधावर उभे राहून बघत होते. दुसऱ्या दिवशी सरपंचांनी दफनभूमीसाठी मुरमाच्या दोन ट्रॉल्या पाठवल्या.

जुनी_वही

मी कधी उपासनेला जात नाही, पण ख्रिस्ती घरातला आहे. एका दुर्लक्षित कामाबद्दल लिहितो, ते म्हणजे नोंदवह्या.

पाळकाकडे तीन वह्या असतात, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन. ख्रिस्ती विवाहाचा कायदा 1872 चा आहे. त्याप्रमाणे पाळक लग्न लावतो आणि नोंदही तोच करतो. आधी चर्चमध्ये जाहीर वाचन, कुणाची हरकत आहे का ते विचारणं. लग्न साधारणपणे सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळातच लावायचं. वधूवर, साक्षीदार यांच्या सह्या. एक अक्षर चुकलं की तीस वर्षांनी कुणाचं तरी पेन्शन अडतं.

माझ्या आजीचा जन्मदाखला कुठेच नव्हता. शाळेत गेलेली नाही, ग्रामपंचायतीत नोंद नाही. वारसाच्या कामासाठी तिचं वय सिद्ध करायचं होतं. एका निवृत्त पाळकांनी मला घेऊन चर्चच्या कपाटातल्या वह्या काढल्या. वाळवी लागलेली, काही पानं चिकटलेली. उन्हाळा, पंखा नाही, कारण पंख्यानं पानांचे तुकडे उडतात. त्यांनी ब्लेडनं एकेक पान सोडवलं. चौथ्या दिवशी नोंद मिळाली. शाईनं, मोडीच्या वळणाच्या बाळबोध अक्षरात आजीचं नाव, तिच्या आईचं नाव आणि व्यवसायाच्या रकान्यात 'मोलमजुरी'. ज्या बाईचं नाव जगात कुणीही लिहून ठेवलं नव्हतं, तिचं नाव एका पाळकानं टाक बुडवून, रेघ आखून, सुवाच्य लिहिलं होतं. मी उपासनेला अजूनही जात नाही. पण त्या वह्यांचे फोटो काढायचं काम आता मी करतो, दर शनिवारी दोन तास.

खडा_सवाल

सगळं छान चाललंय. पण आज काय परिस्थिती आहे तेही लिहा. मोठमोठे मंडप, कर्कश स्पीकर, "आजार बरा करतो, गोळ्या बंद करा" म्हणणारे लोक. आमच्या शेजारच्या बाईनं अशाच एकाचं ऐकून साखरेच्या गोळ्या सोडल्या आणि पाय गमावला. शिवाय चर्चच्या जमिनींवरून कोर्टकज्जे. हेही पाळकच ना?

पाळकाची_लेक

हो, आहेत. तुमच्या शेजारच्या बाईंचं वाचून पोटात तुटलं. त्या माणसानं पाप केलंय, मी दुसरा शब्द वापरणार नाही. पप्पांकडे कुणी प्रार्थनेला आलं की ते आधी विचारायचे, "गोळी घेतली का?" घेतली नसेल तर आईला पाणी आणायला सांगायचे, गोळी गिळेपर्यंत थांबायचे आणि मग प्रार्थना करायचे. जमिनींच्या भांडणाबद्दलही तुम्ही खोटं लिहिलेलं नाही. त्यात पाळक कमी आणि खुर्चीवरचे लोक जास्त असतात असं माझं मत आहे, पण पाळकही असतात. आमच्या समाजाला त्याची लाज वाटायला हवी.

पांढरा_गणवेश

मी निवृत्त नर्स आहे. मिरजेतच शिकले, मिरजेतच नोकरी केली. टायपिंग सावकाश आहे, सांभाळून घ्या.

कृष्णाकाठची, तुमचे पाळकसाहेब मला चांगले ठाऊक होते. दोन गोष्टी सांगते.

पहिली कुष्ठरोग्यांची. मिरजेत रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालय आहे, तिथे ते प्रभुभोजन द्यायला जायचे. मी एकदा बरोबर होते. बोटं झडलेल्या माणसाला भाकर हातात धरता येत नाही. काहीजण तळहात पुढे करतात, त्यावर ठेवली की ओंजळ तोंडाशी नेतात. एका आजोबांना तेही जमेना, भाकर खाली पडली. आजोबा शरमले. पाळकसाहेबांनी ती उचलली, फुंकर मारली आणि स्वतः खाल्ली. मग नवा तुकडा घेऊन आजोबांच्या जिभेवर ठेवला. परत येताना मी त्यांना म्हटलं, आता औषधानं जंतू मरतात, घाबरायचं कारण नाही. ते म्हणाले, "सिस्टर, मी औषध यायच्या आधीपासून येतोय." बहुऔषधी उपचार 1980 च्या दशकात आले, म्हणजे ते विशीत-तिशीत असल्यापासून जात असणार.

दुसरी गोष्ट चष्म्याची. तुम्हाला वाटलं असेल, तुमच्या अण्णांवर त्यांचा विशेष जीव म्हणून ते आले. जीव होताच. पण त्यांच्याकडे एक पत्र्याची ट्रंक होती. पेशंट गेला किंवा घाईनं घरी नेला की खाटेखाली, कप्प्यात काहीतरी राहायचंच. चष्मा, कवळी, काठी, चंची, अडकित्ता. पैसे-दागिने ऑफिसात जमा व्हायचे, त्याची रीतसर पावती असे. पण या किरकोळ वस्तू कुणी मागायला येत नसे आणि आम्ही त्या टाकून देणार असायचो. ते म्हणायचे, "टाकू नकासा. घरी ह्याची वाट बघणारं कोणतरी असतंय." प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधायचे, नाव, गाव आणि तारीख. पाळकांची सुट्टी सोमवारी असते, कारण रविवार कामाचा. तर दर सोमवारी एक गाव. सायकलवर. अथणीपर्यंत गेलेले मला माहीत आहेत.

जुना_मिरजकर

सोमवारचं मला आज कळलं. सोमवारी सकाळी ते म्हैसाळच्या रस्त्याला दिसायचे. मी समजायचो, नातेवाइकांकडे जात असतील.

कृष्णाकाठची

सिस्टर, तुमचा प्रतिसाद मी आईला मोठ्यानं वाचून दाखवला. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मंजे तवा त्यो येकला आमचाच न्हवता. बरं झालं."

काल मी त्यांच्या सूनबाईंकडे गेले होते. ट्रंक आहे. पलंगाखाली, वर जुनी चादर. गुडघ्यानं सायकल सुटली 2011 मध्ये, त्यानंतर काही वस्तू पोचवायच्या राहिल्या. सूनबाई म्हणाल्या की शेवटच्या महिन्यात ते दोनदा ट्रंकेबद्दल बोलले होते, पण घरच्यांना अर्थ लागला नाही. आम्ही दोघींनी फरशीवर बसून ती उघडली. सतरा वस्तू आहेत. सात चष्मे, तीन काठ्यांच्या मुठी (काठ्या मावल्या नसणार), दोन अडकित्ते, पितळेची एक चुन्याची डबी, एक कवळी, लहान मुलीची एक लाल रिबीन, लोकरीचा अर्धवट विणलेला एक टोपरा आणि कानडीत लिहिलेलं एक पोस्टकार्ड, पत्ता न घातलेलं. चिठ्ठ्या दोऱ्यानं बांधलेल्या, शाई बरीच टिकलीये.

माणसांची नावं इथे लिहीत नाही. गावं लिहिते. बेडग, आरग, सलगरे, म्हैसाळ दोन, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत तीन, तासगाव, अथणी दोन, जमखंडी, शिरोळ. दोन चिठ्ठ्यांवरचं गाव लागत नाही. पोस्टकार्ड अथणीच्या वस्तूंत होतं.

ज्यांचं या गावांत कुणी असेल त्यांनी व्यक्तिगत संदेश पाठवा, मी नाव कळवीन. कानडी वाचणारं कुणी मिरजेत असेल तर तेही हवं आहे. बेडग आणि आरगच्या वस्तू मी येत्या सोमवारी स्वतः नेतेय. भाऊ गाडी घेऊन येतोय.

रानवारा_जत

जतच्या तिन्ही माझ्याकडे द्या, ताई. मी रविवारी सांगलीला येतोय, बसस्टँडवर भेटतो.

पाळकाची_लेक

ढालगाव माझं. आणि टोपरा कुणाचा ते नाही लागलं तर आईला विचारा, विणून पुरा करून देईल.

साधा_प्रश्न

मला कानडी वाचता येतं. मी मिरजेतच राहतो. कधी येऊ?